पांढऱ्या चहाचा डबा घेऊन मांडवीला

मी रत्नागिरीला गेले ती रागाने गेले, हे आधीच सांगून टाकते. लोक हवापालटाला जातात, आंबे खायला जातात, देवीचा नवस फेडायला जातात. मी भांडायला गेले. आणि जिंकून आले म्हणूनच एवढं लिहायला बसले आहे. हरले असते तर तुम्हाला पत्तादेखील लागला नसता.

झालं असं, की शिमगा आटोपल्यावर मांडवीची शेवंता मुंबईला नवऱ्याकडे आली आणि वाटेत गिरगावात आमच्याकडे डोकावली. मांडवी म्हणजे रत्नागिरीचं बंदर. माझे विठूमामा तिथलेच. आयुष्यभर आगबोटीवर खलाशी होते, शेवटी सारंग झाले, म्हणजे खलाशांचे मुकादम. चीनच्या फूचाव बंदरात ते एकदा पांढरा चहा प्यायले होते. त्याच्या कळीवर पांढरी लव असते, जितका जुना होईल तितका चांगला लागतो, त्यात दूध नको की साखर नको, आणि त्याच कळ्यांवर परत परत पाणी घातलं तरी चव संपत नाही. ही गोष्ट मामांनी सगळ्या मांडवीला सांगून झाली होती, आणि सगळी मांडवी त्यांना थापाड्या म्हणत होती. तोवर ते थट्टेवारीने चालायचं.

या शिमग्याला मात्र मांडवीतल्याच दाजी तांडेलाने मामांचं सोंग काढलं. डोक्याला चिनी माणसासारखी काथ्याची लांब शेंडी, हातात करवंटीची किटली, आणि घरोघरी जाऊन चुन्याचं पाणी ओतायचं. ‘घ्या, विठू सारंगाचा पांढरा चहा घ्या!’ शेवंता सांगताना स्वतःच खो खो हसत होती.

“आणि मामा गं? मामा काय म्हणाले?”

“ते पण हसले की गो. पण दुसऱ्या दिवसापासनं धक्क्यावर नाय आले. अजून नाय.”

मांडवीच्या धक्क्यावर एक बाक आहे. समुद्राची नोकरी संपलेले म्हातारे संध्याकाळी तिथे बसतात. बोटीवर नोकरी धरायला निघालेले तरुण त्यांना विचारायला येतात, कुठल्या बोटीवर जावं, कुठला कप्तान माणसासारखा वागवतो, बरोबर काय न्यावं. मामांचा शब्द तिथे चालायचा. आता म्हणे कोणी विचारतच नव्हतं. पांढऱ्या चहावाल्याला काय विचारायचं?

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आई गेल्यावर मला या माणसाने वाढवलं. चीनचं रेशीम आणीन म्हणाले तर रेशीम आणलं, नाही जमणार म्हणाले तर नाही आणलं. असला माणूस चहाबद्दल कशाला खोटं बोलेल? मी शेवंतेला चहा दिला, दूध-साखर घालून, आणि ती जिना उतरते न उतरते तोच जाहीर केलं की शाळेला सुट्टी लागली की मी मांडवीला जाणार, आणि पांढरा चहा घेऊन जाणार.

“चहासाठी रत्नागिरीला?” आमचे हे वर्तमानपत्रातून डोकं वर काढून म्हणाले. “अगं, कोपऱ्यावर मिळतो की.”

कोपऱ्यावर अर्थातच मिळाला नाही. क्रॉफर्ड मार्केटात विचारलं तर दुकानदाराने दुधाच्या भुकटीचा डबा पुढे केला. शेवटी मी शिकवते त्या शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं की माझगावात चिनी लोकांची वस्ती आहे, तिथे बघा. ट्रामने गेले. चटया, कागदी पंखे आणि मीठ लावलेली अंडी विकणारं एक अंधारं दुकान होतं आणि आत एक म्हातारा चिनी. पांढरा चहा म्हटल्यावर त्याने मान हलवली. “है. लेकिन बेचने का नहीं. अपने पीने का है.”

मग मी त्याला माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत, हातवारे करून, सगळं सोंग सांगितलं. काथ्याच्या शेंडीवर तो हसला. चुन्याच्या पाण्यावर तर डोळे पुसायची वेळ आली. मग त्याने विचारलं, मामा कुठल्या बंदरात प्यायले? मी म्हटलं, फूचाव. त्याचं हसणं थांबलं. तो उठला, आत गेला आणि एक पत्र्याचा डबा घेऊन आला. त्याचं गाव तिकडचंच होतं.

चहा म्हणजे पानं नव्हतीच ती. चहाच्या झाडाच्या न उलगडलेल्या पानांच्या कळ्या, बोटाच्या पेराएवढ्या, अंगभर बारीक लव. माझ्या लग्नाच्याही आधीपासून तो डबा त्याच्याकडे होता, त्यामुळे लव जराशी राखाडी पडली होती आणि खालचा रंग तपकिरी झाला होता. वास आला तो खजुराचा आणि वाळक्या गवताचा.

त्याने तिथेच करून दाखवला. “नया होयेगा तो पानी थोडा ठंडा करने का. ये बुढ्ढा है, इसको एकदम उबलता मंगता.” चिनी मातीच्या छोट्याशा किटलीत आधी नुसतं गरम पाणी फिरवून टाकून दिलं. मग दोन चिमट्या कळ्या. त्यावर उकळतं पाणी, आणि ते लगेच ओतून दिलं. “ये उसका मुँह धोने का पानी.” पुन्हा उकळतं पाणी, झाकण, आणि एक विडा लावून होईल इतका वेळ शांत बसायचं. “पानी अच्छा मंगता,” असं तो दोनतीनदा बोलला आणि मी हो हो म्हटलं.

पहिल्या घोटाला वाटलं, हे काय, गरम पाणी तर आहे! दुसऱ्या घोटाला जिभेच्या मागच्या बाजूला गोडवा आला, कोणीही न घातलेला. तिसऱ्याला छाती मोकळी झाली. मामा खरं बोलत होते. अक्षर न् अक्षर खरं बोलत होते. मला त्या दुकानातच रडू आलं आणि म्हाताऱ्याला वाटलं, मला चहा आवडला नाही.

डब्यात त्याने कागदाच्या दोन पुड्या बांधून दिल्या. “एक सीखने का, एक दिखाने का.” छोटी किटलीही दिली. पैसे त्याने नावाला घेतले.

आता बोटीचं. तुम्ही जाणार असाल तर मे महिना सरायच्या आत जा, पाऊस आला की बोटी बंद. भाऊच्या धक्क्यावर तांबडं फुटायच्या आत पोचा, कारण डेकवर जागा धरावी लागते. धुराड्याच्या मागे पथारी पसरू नका, संध्याकाळपर्यंत कोळशाने तोंड काळं होतं. शिदोरी घरची घ्या. मी दशम्या आणि लसणीची चटणी नेली होती. आवळ्याची सुपारी जवळ ठेवा, समुद्र पोटात ढवळायला लागला की तीच उपयोगी पडते. ज्यांना बोट अजिबात सोसत नाही त्यांनी घाट उतरून चिपळूणला यावं आणि तिथून सर्व्हिस मोटार धरावी. हाडं खिळखिळी होतात, पण ओकारी येत नाही.

डबा मी मांडीवरून खाली ठेवला नाही. ऊन लागेल म्हणून पांढऱ्या फडक्यात गुंडाळला होता आणि दोन्ही हातांनी धरला होता. शेजारी केळशीची एक बाई होती. तिने बराच वेळ डब्याकडे पाहिलं, मग माझ्या कपाळाच्या कुंकवाकडे पाहिलं, आणि हळूच विचारलं, “अस्थी काय गो? सासऱ्यांच्या?”

मला आधी हसू आलं. पण तेवढ्यात ती सरकून बसली, तिच्या पलीकडचे दोघं सरकले, आणि मला पाय पसरायला जागा झाली. मी मान खाली घातली आणि डबा आणखी घट्ट धरला. हर्णै येईपर्यंत माझ्याभोवती ऐसपैस मोकळं झालं होतं. केळशीच्या बाईने उतरताना डब्याला हातसुद्धा जोडले. देव मला क्षमा करो.

मांडवीला आगबोट धक्क्याला लागत नाही, दूर उभी राहते. शिडीवरून खाली पडावात, म्हणजे लहान होडीत उतरायचं, आणि तो पडाव लाटेवर वर-खाली होत असतो. खलाशी ‘आता!’ म्हणाला की विचार न करता पाय टाकायचा. विचार केलात तर पाण्यात. पडावाचे पैसे वेगळे, सुटे आणे हाताशी ठेवा, नाहीतर मोड नाही म्हणून वाद होतो. डबा मी पदराने पोटाशी बांधला आणि उडी मारली. धक्क्यावर दाजी तांडेल आणि त्याची मंडळी बाकावर ऐटीत बसली होती. मामांची जागा रिकामी होती. मी कोणाकडे न बघता घरची वाट धरली.

मामा ओटीवर जाळं विणत बसले होते. खरं म्हणजे विणत नव्हते, हातात धरलं होतं. वाळले होते. मला बघून उठले, डोक्यावरून हात फिरवला, “आलीस गो बायो?” म्हणाले. मी डबा उघडून त्यांच्या नाकाखाली धरला.

त्यांनी वास घेतला. डोळे मिटले. मला वाटलं, आता खूश होतील, मामीला हाक मारतील. त्यांनी झाकण लावलं आणि डबा माझ्या मांडीवर ठेवला.

“परत घेऊन जा.”

“अहो, का पण?”

“आज म्हणतात, म्हातारा थापा मारतो. उद्या चार माणसांत केला आणि जमला नाय, तर थाप नाय ऱ्हाणार ती. मग मी खोटाच. तोंड दाखवायला जागा नाय.” मग आवाज बारीक करून म्हणाले, “आणि खरं सांगू काय तुला? आता मलाच समजत नाय. मी प्यायलो तेव्हा पंचविशीत होतो. इतक्या लोकांनी नाय म्हटलं ना, की माझं मलाच वाटतं, मी तरी खरंच प्यायलो होतो काय?”

दाजीचा राग होताच, आता तो दुप्पट झाला. पण मामांना मी एवढंच म्हटलं, की उद्या आपण दोघंच करून बघू, तुम्ही आधी प्या, मग ठरवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रत्नदुर्गावर भगवतीला जाऊन आले. तुम्हीही सकाळीच जा, नऊनंतर तो कातळ तव्यासारखा तापतो. वरून एका बाजूला खाडी, एका बाजूला मोकळा समुद्र, आणि खाली मचव्यांची शिडं. देवीला म्हटलं, बाई, तूही बंदरावरचीच आहेस, सांभाळ. खुशीत घरी आले आणि अंगणात पाय ठेवला तो तिथेच खिळले.

अंगणात वाळवण पडलं होतं. फणसाचे पापड, सांडगे, आणि मधोमध चटईभर सुकट, म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी. त्या सुकटीला लागून एका सुपात माझ्या कळ्या. मामी उकिडवी बसून फडक्याने एकेक कळी चोळत होती.

“मामी! हे काय करताय?”

“अगो, तुझ्या चहाला केवढा बुरा आला होता! पांढरा झालता नुसता. डब्यात घुसमटला बघ. म्हटलं पोरीचा माल फुकट जायला नको. दोन उन्हं दिली की सुधारेल. निम्मा तर पुसून पण झाला.”

मी सुपाशी जाऊन बसले. कोकणात मेमध्ये जे दिसेल ते उन्हात टाकतात, पावसाआधी उशा-गाद्यांपासून सगळं. तिचं काही चुकलं नव्हतं. पण चहा असा, की शेजारच्याचा वास लगेच ओढून घेतो. एक कळी उचलून नाकाशी नेली. खजूर कुठला, आख्खा मासळीबाजार!

मामीला समजलं तेव्हा तिने कपाळावर हात मारून घेतला आणि रडायलाच लागली. मामा ओटीवरून बघत होते. मला वाटलं, झालं, संपलं. मग डब्यात हात घातला तर खाली दुसरी पुडी तशीच होती. दाखवायची पुडी वाचली होती, शिकायची सुकटीत गेली होती.

“रडू नका हो,” मी मामीला म्हटलं. “हा सुकटीचा चहा शिकायला घेऊ. चुकायचं ते यात चुकू.”

चूल पेटवली, पाणी खळखळून उकळलं, किटली गरम केली, तोंड धुवायचं पाणी टाकून दिलं, दुसरं पाणी घातलं. मामांनी विडा लावला. ओतलं तर काय, रंगच उतरला नाही. मळकट, निस्तेज पाणी, वर साय धरल्यासारखा तवंग. सुकटीने वास बिघडेल, रंग कसा बिघडेल? परत केलं. कळ्या जास्त घातल्या. परत तेच. मामांचा चेहरा उतरत चालला. “मी म्हटलं नव्हतं?” असं पुटपुटले.

मामी कोपऱ्यात डोळे पुसत बसली होती. ती एकदम म्हणाली, “पाणी कुठलं घेतलंत?”

“दारच्या विहिरीचं.”

“मग कसा उतरेल? समुद्र हा इथं, विहीर मचूळ. त्या पाण्यात तुरीची डाळसुद्धा शिजत नाय गो! डाळीला मी वरच्या कातळावरच्या विहिरीचं आणतंय.” आणि माझ्या हातातला हंडा हिसकावून ती चढण चढायला लागलीसुद्धा.

माझगावचा म्हातारा पाणी पाणी म्हणून सांगत होता आणि मी हो हो करत होते. कातळावरच्या विहिरीचं पाणी आलं. तेच सगळं पुन्हा केलं. विडा लावून झाला, किटली वाकडी केली आणि वाटीत मध उतरला. खरंच सांगते, मधाचा रंग. मामांनी वाटी उचलून उजेडाकडे धरली.

“हाच,” ते म्हणाले. “बायो, हाच रंग. हाच!”

मी म्हटलं, मामा, पिऊ नका, सुकट लागेल. त्यांनी चक्क नाक दाबलं आणि आख्खी वाटी घशाखाली उतरवली. मग नाक सोडून मोठ्यांदा हसले. शिमग्यानंतर पहिल्यांदा हसले, असं मामी मागाहून म्हणाली. “दाजीला बोलव,” मामा म्हणाले. “सगळ्यांना बोलव.”

संध्याकाळी मी धक्क्यावर गेले. त्या बाकाकडे बायका सहसा जात नाहीत, त्यामुळे मी समोर उभी राहिले तेव्हा सगळे खोकायला लागले. दाजी तांडेल म्हणजे जाडजूड, पांढऱ्या मिशांचा माणूस. स्वतःचा मचवा, मिठाची आणि कौलांची वाहतूक, पण किनारा सोडून कधी लांब गेलेला नाही. मामा चीनला गेले याचंच त्याला मुळात दुखणं.

“दाजी, उद्या चार वाजता चहाला या. पांढरा चहा आहे.”

“अरे वा! चुना घरचा की बाजारातला?” बाक हादरेपर्यंत सगळे हसले.

“दाजी, तुमच्या रत्नागिरीत मांडवीच्या किनाऱ्याला काळा समुद्र म्हणतात, पलीकडच्या किनाऱ्याला पांढरा समुद्र म्हणतात. ते तुम्हाला चालतं. मग चहा पांढरा म्हटला की पोटात का दुखतं?”

दाजीने मिशीवरून हात फिरवला. “येतंय,” म्हणाला. “पण गूळ घेऊन येतंय. गरम पाण्यात टाकायला.”

दुसऱ्या दिवशी चारच्या आधीच ओटी भरली. बाकावरचे म्हातारे, त्यांच्यामागे तरुण खलाशी, कुंपणापलीकडे बायका. दाजीने खरंच गुळाची ढेप आणली होती आणि सगळ्यांना दिसेल अशी गुडघ्याजवळ ठेवली. मे महिन्यातली चारची वेळ, सगळ्यांचा घाम गळत होता, आणि आम्ही उकळता चहा देणार होतो.

मी किटली हातात घेणार तोच मामा पुढे झाले. “बाजूला सर,” म्हणाले. धुतलेलं धोतर, अंगात जुना निळा कोट. मांडी घालून बसले, किटलीत गरम पाणी फिरवून अंगणात फेकलं, दाखवायची पुडी उलगडली आणि कळ्या दाजीच्या तळहातावर ठेवल्या.

“बघ. चोळू नको.”

“लव हाय खरी,” दाजी कुरकुरला. “चुना लावला असशील.”

मामांनी कळ्या किटलीत टाकल्या, पाणी घातलं आणि लगेच ओतून दिलं. एकच हशा झाला. “पहिला चहा पायरीला पाजला!” कोणीतरी म्हणालं. मामा ढिम्म. दुसरं पाणी घातलं, झाकण ठेवलं आणि सावकाश विडा लावायला बसले. एवढ्यात मामी आतून दुधाचा तांब्या घेऊन आली. बिचारीला राहवेना. पाहुण्यांना कोरा चहा दिला तर घरात दूध नाही म्हणतील, मांडवीत नाक कापलं जाईल! ती किटलीवर तांब्या वाकवणारच होती.

“दूध आत!” मामा गरजले. “एक पाऊल पुढं नाय!”

तो आवाज मी लहानपणी ऐकला होता. वादळात बोटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोचणारा सारंगाचा आवाज. मामी जागच्या जागी थिजली आणि जन्मात पहिल्यांदा मुकाट्याने मागे फिरली. बाकावरचे म्हातारेसुद्धा ताठ बसले.

देवापुढच्या लहान वाट्यांतून चहा दिला. “तीर्थ देतंस काय?” दाजी म्हणाला, आणि घोट घेतला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. “गरम पाणी बरं हाय,” तो म्हणाला, आणि पुन्हा हशा झाला. मामांनी मान वर केली नाही. त्याच कळ्यांवर पुन्हा पाणी घातलं. या वेळी रंग मधासारखा आला. दाजी प्यायला. हसला नाही. वाटी पुढे केली. तिसऱ्यांदा पाणी. ओटीवर नुसते घोट ऐकू येत होते.

“साखर घातलीस?” दाजीने दरडावून विचारलं.

“नाय.”

“मग गोड कशानं लागतंय?” त्याने स्वतः झाकण काढलं, बोटं भाजून घेत आत डोकावला. कळ्या फुगून उभ्या राहिल्या होत्या. एक उचलली, तोंडात टाकली, चावली. बराच वेळ चावत राहिला. गुळाच्या ढेपेकडे त्याने पाहिलंदेखील नाही.

पाणी परत परत घातलं. प्रत्येक वाटीला चव निराळी, आणि शेवटी फिकट व्हायला लागली तेव्हा मामांनी सगळ्या कळ्या मडक्यात काढल्या, वर कातळावरचं पाणी ओतलं आणि नारळाच्या सोडणांच्या मंद विस्तवावर ठेवलं, पेज ठेवतात तसं. नवा चहा असा शिजवला तर कडू होईल, जुना मात्र शिजवल्यावरच सगळं देतो. हळूहळू रंग तांबूस झाला, काकवीसारखा, आणि खजुराचा वास कुंपण ओलांडून गल्लीत गेला. बायका आपापल्या वाट्या घेऊन आत आल्या. घाम पुसत पुसत लोक मागून पीत होते!

दाजी तांडेल उठून उभा राहिला. मोठा माणूस, उठायला वेळ लागला.

“ऐका रे मेल्यांनो,” तो म्हणाला. “विठू सारंग खरा हाय. पुढल्या शिमग्याला सोंग माझं काढा. तोंडाला काळं मीच फासून देतंय.” मग खाली बसून मामांकडे सरकला आणि जरा चाचरत म्हणाला, “विठू, चीनच्या त्या नदीत ते पक्षी मासे मारतात म्हणाला होतास. गळ्यात दोरी बांधून. तां पण खरां?”

“खरां.”

“माशे गिळत नाय?”

“दोरी असते ना. गिळता येत नाय. होडीत आणून टाकतात.”

“पहिल्यापासनं सांग,” दाजी म्हणाला आणि मांडी ठोकून बसला.

मामा दिवेलागणीपर्यंत सांगत होते. मी मामीच्या खांद्यावर डोकं ठेवून आत बसले होते, आणि सांगायला लाजत नाही, मी विजयाने फुलून गेले होते. लढाई मारून आल्यावर राजाला असंच वाटत असणार.

परतीच्या दिवशी पडावापर्यंत पोचवायला मामा आले. मंडळी बाकावर होती. दाजीने सरकून जागा केली, आणि मामा मला निरोप द्यायच्या आधीच तिथे बसले. मला त्याचा राग आला नाही.

घरी येऊन आता महिना होत आला. चहा सगळा मांडवीत संपला, एक कळीसुद्धा उरली नाही. ह्यांनी विचारलं, एवढं करून आणलंस काय? आंबे आणले होते, ते दाखवले. तुम्हाला करून बघायचा असेल तर लक्षात ठेवा, जुन्या कळ्यांना उकळतंच पाणी, पहिलं टाकून द्यायचं, घाई करायची नाही, शेवटी मंद विस्तवावर शिजवायचं, आणि ज्या पाण्यात डाळ शिजत नाही ते पाणी वापरायचं नाही. वाळवणापासून लांब ठेवा.

काल दारात एक तरुण उभा होता, मांडवीचा. बोटीवर नोकरी लागली म्हणून मुंबईला आलेला, मामांनी माझ्यासाठी फणसाचे पापड दिले होते ते पोचवायला आला होता. घाईत होता. दुसऱ्या एका बोटीवर जास्त पगार मिळत होता, ती सोडून त्याने ही धरली होती, कारण त्या बोटीचा कप्तान आजारी खलाशांना बंदरावर टाकून जातो.

“तुला कोणी सांगितलं?” मी विचारलं.

“विठू सारंगांनी.”

“आणि तू लगेच मानलंस? पगार सोडलास?”

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मीच काहीतरी विचित्र बोलले होते.

“त्यांनी सांगितलं म्हणजे तसंच असणार ना,” तो म्हणाला, ट्रंक खांद्यावर घेतली आणि जिना उतरून गेला.